वाहतूक अपराध, किरकोळ

सार्वजनिक रस्त्यावरील वाहनांच्या नियमनासाठी केलेल्या नियमांचा जो भंग कोणास इजा वा हानी न होता घडतो आणि ज्यासाठी कायद्याने सामान्यतः केवळ द्रव्यदंड सांगितलेला असतो, त्यास किरकोळ वाहतूक अपराध म्हणतात. मनाई असलेल्या जागी वाहन उभे करणे, वेगमर्यादा थोडीबहुत ओलांडणे, नियंत्रक दिव्याकडे वा चिन्हाकडे दुर्लक्ष करणे, दिवा वा भोंगा नादुरुस्त असणे, अनुज्ञप्ती (लायसन) जवळ न बाळगणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. मद्यप्राशन करून वाहन चालविणे, बेदरकार चालविण्यामुळे मृत्यू घडविणे किंवा अपघातानंतर पळून जाणे यांचा समावेश या वर्गात होत नाही.

हे अपराध किरकोळ म्हटले जात असले, तरी त्यांचा परिणाम दोन प्रकारचा असतो. पहिला परिणाम दंडाचा होय. तो भरला की संपतो. दुसरा परिणाम नोंदीचा होय. अपराधाची नोंद अनुज्ञप्तीवर किंवा शासकीय नोंदवहीत होते, पुढील अपराधाच्या वेळी ती विचारात घेतली जाते, आणि अशा नोंदी साचत गेल्यास वाहन चालविण्याचा हक्कच काही काळ किंवा कायमचा नष्ट होतो. मालमोटारीचा वा टॅक्सीचा चालक, फिरता विक्रेता, खेड्यापाड्यांतून जाणारा डॉक्टर यांच्या दृष्टीने हा दुसरा परिणाम उपजीविकेवरच आघात करणारा असतो. म्हणूनच या अपराधांचा इतिहास हा दंडाच्या रकमांचा इतिहास नसून मुख्यत्वे नोंद, तिचा पुरावा, तिचे आयुष्य आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग यांचा इतिहास आहे.

प्रारंभीचे कायदे : स्वयंचलित वाहनांच्या वेगावर निर्बंध घालणारा आद्य कायदा ब्रिटनमध्ये झाला. १८६५ च्या लोकोमोटिव्ह अधिनियमान्वये यांत्रिक वाहनाचा वेग गावाबाहेर ताशी ४ मैल (सु. ६.४ किमी.) व गावात ताशी २ मैल (सु. ३.२ किमी.) एवढाच ठेवण्यात आला आणि वाहनाच्या पुढे लाल निशाण घेऊन एका माणसाने चालावे, असे बंधन होते. मूलतः वाफेच्या अवजड यंत्रांसाठी केलेला हा कायदा पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या मोटारींनाही लागू झाला. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील वॉल्टर आर्नल्ड या मोटारमालकास ताशी सु. ८ मैल (सु. १३ किमी.) वेगाने गेल्याबद्दल दंड झाला. पोलिसाने त्याचा पाठलाग सायकलीवरून केला होता. अतिवेगाबद्दलचा दंड एक शिलिंग होता. अतिवेगासाठी झालेली ही पहिली दोषसिद्धी समजली जाते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये नवा कायदा अंमलात येऊन निशाणवाल्याची अट रद्द झाली व वेगमर्यादा वाढविण्यात आली.

अमेरिकेत न्यूयॉर्क येथे २० मे १८९९ रोजी जेकब जर्मन या विजेच्या टॅक्सीच्या चालकास ताशी १२ मैल (सु. १९ किमी.) वेगाबद्दल अटक होऊन कोठडीत ठेवण्यात आले. १९०१ मध्ये कनेक्टिकट राज्याने मोटारींसाठी राज्यव्यापी वेगमर्यादेचा कायदा केला. शहरात ताशी १२ मैल व शहराबाहेर ताशी १५ मैल अशी ती मर्यादा होती. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने विल्यम फेल्प्स ईनो यांनी तयार केलेली रहदारीची नियमावली स्वीकारली. वाहनांची संख्या वाढू लागताच प्रत्येक उल्लंघनासाठी चालकास अटक करणे अशक्य झाले. त्यामुळे अपराधाचा प्रकार, वेळ व ठिकाण लिहून न्यायालयात हजर होण्यास सांगणारी चिठ्ठी जागच्या जागी देण्याची पद्धत रूढ झाली. भारतात चलन या नावाने ओळखला जाणारा कागद हा याच पद्धतीचा अवतार होय.

अनुज्ञप्तीवरील शेरा : ब्रिटनच्या १९०३ च्या मोटार कार अधिनियमाने वाहनाची नोंदणी, त्यावरील क्रमांक आणि चालकाची अनुज्ञप्ती या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या व वेगमर्यादा ताशी २० मैल (सु. ३२ किमी.) ठरविली. १ जानेवारी १९०४ पासून तो अंमलात आला. अनुज्ञप्तीसाठी चालनकौशल्याची परीक्षा त्या वेळी नव्हती. पाच शिलिंग भरून परगणा परिषदेकडून ती मिळत असे. या कायद्याचे महत्त्व त्यातील तीन तरतुदींमुळे आहे. पहिली, दोषसिद्धीचा तपशील न्यायालयाने अनुज्ञप्तीवरच लिहावा. मात्र केवळ वेगमर्यादा ओलांडल्याचा पहिला व दुसरा अपराध यास अपवाद होता. दुसरी, वेगाविषयी एकाच साक्षीदाराच्या निव्वळ मतावरून कोणास दोषी ठरवू नये. तिसरी, खटला भरण्याचा इरादा असल्यास तशी सूचना चालकास अपराधाच्या वेळी किंवा त्यानंतर ठराविक मुदतीत दिली जावी. चुकीची नोंद होऊ नये, क्षुल्लक चुकीची नोंद राहू नये आणि घटना विस्मरणात जाण्यापूर्वी चालकास आपला बचाव जुळविता यावा, ही या तरतुदींमागील दृष्टी होय. पुढे ब्रिटिश कायद्याच्या परंपरेतील अनेक देशांनी ती उचलली. भारतीय कायद्यातही तिचे ठसे स्पष्ट दिसतात.

वेगमर्यादेच्या अंमलबजावणीसाठी पोलीस रस्त्याच्या मोजलेल्या टप्प्याच्या दोन टोकांना लपून बसत व घड्याळाने वेग काढीत. या वेगसापळ्यांविरुद्ध मोटारचालकांना सावध करण्याच्या हेतूने १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिचे सायकलस्वार सेवक पुढे सापळा असल्याची खूण चालकांना करीत. बॅस्टेबल वि. लिटल (१९०७) या खटल्यात अशी खूण करणे म्हणजे पोलिसांच्या कर्तव्यात अडथळा नव्हे, असे ठरले. परंतु बेट्स वि. स्टीव्हन्स (१९१०) या खटल्यात, ज्या मोटारी प्रत्यक्ष अतिवेगाने जात होत्या त्यांना सावध करणे हा अडथळाच होय, असा निर्णय झाला. त्यावर संस्थेने निराळी युक्ती योजली. सेवकाने सभासदास सलाम करावा व त्याने सलाम न केल्यास सभासदाने थांबून कारण विचारावे, अशी ती पद्धत होती. नियमभंग टाळण्यापेक्षा पकडले जाणे टाळण्याकडे चालकांची जी प्रवृत्ती असते, तिचा हा आरंभीचा नमुना म्हणता येईल.

१९३० च्या रस्ते वाहतूक अधिनियमाने ब्रिटनमधील मोटारींवरील सर्वसाधारण वेगमर्यादा काढून टाकली, त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला आणि निष्काळजी वाहनचालन हा स्वतंत्र अपराध ठरविला. १९३४ च्या अधिनियमाने लोकवस्तीच्या भागात ताशी ३० मैल (सु. ४८ किमी.) ही मर्यादा पुन्हा आणली. नव्या चालकांसाठी परीक्षा १९३५ पासून सक्तीची झाली.

बेरीज-पद्धती व दंडगुण : दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या झपाट्याने वाढली आणि दंडाधिकाऱ्यांची न्यायालये किरकोळ खटल्यांनी भरून गेली. त्यावर दोन उपाय निघाले. पहिला निश्चित दंडाचा. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने वाहने उभी करण्यासंबंधीच्या अपराधांना तो लागू झाला. ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत भरल्यास खटला होत नसे व दोषसिद्धीची नोंदही होत नसे. दुसरा उपाय नोंदींच्या बेरजेचा. १९६२ च्या अधिनियमानुसार तीन वर्षांच्या काळात अनुज्ञप्तीवर तिसरा शेरा आला, की किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविले जाई. या पद्धतीचा दोष असा, की लहान व मोठा असे दोन्ही अपराध बेरजेत सारखेच मोजले जात. तो दूर करण्यासाठी १९८१ च्या वाहतूक अधिनियमाने दंडगुणांची पद्धत आणली. ती १ नोव्हेंबर १९८२ पासून अंमलात आली. प्रत्येक अपराधास गांभीर्यानुसार गुण ठरवून तीन वर्षांत बारा गुण झाल्यास किमान सहा महिन्यांची अपात्रता, असे तिचे स्वरूप आहे. अपराध क्षुल्लक होता किंवा अनुज्ञप्ती गेल्याने अडचण होईल, या सबबी बारा गुणांनंतर चालत नाहीत. अडचण असामान्य स्वरूपाची असल्याचे सिद्ध केल्यासच न्यायालय सवलत देऊ शकते. पुढे निश्चित दंडाची पद्धत शेऱ्यास पात्र असलेल्या अपराधांनाही लागू झाली. त्यामुळे केवळ दंड भरल्यानेही गुण चढू लागले. नव्या चालकांसाठी १९९५ च्या कायद्याने अधिक कडक नियम केला. परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत सहा गुण झाल्यास अनुज्ञप्ती रद्द होते व परीक्षा नव्याने द्यावी लागते. शेरे लिहिण्याची कागदी प्रत ग्रेट ब्रिटनमध्ये जून २०१५ मध्ये रद्द झाली व नोंद केवळ संगणकावर राहू लागली.

जर्मनी : पश्चिम जर्मनीत फ्लेन्सबुर्क या शहरी १९५८ पासून वाहतूक अपराधांची मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास आरंभ झाला. १९६८ च्या कायद्याने किरकोळ वाहतूक उल्लंघने फौजदारी अपराधांच्या वर्गातून काढून प्रशासकीय नियमभंगाच्या वर्गात टाकण्यात आली. त्यांबद्दलचा दंड आता न्यायालय नव्हे, तर प्रशासकीय अधिकारी करू लागला. १९७४ मध्ये गुणपद्धती आली. तिच्यानुसार अठरा गुण झाल्यास अनुज्ञप्ती जात असे. १ मे २०१४ पासून सुधारित पद्धतीत ही मर्यादा आठ गुणांवर आणून अगदी किरकोळ अपराधांचे गुण काढून टाकण्यात आले. चार गुणांवर समज, सहा गुणांवर ताकीद व आठ गुणांवर अनुज्ञप्ती काढून घेणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. गुण पाचांहून अधिक नसताना ऐच्छिक प्रशिक्षण घेतल्यास पाच वर्षांतून एकदा एक गुण कमी होतो.

किरकोळ अपराधांचे स्वरूप प्रशासकीय ठरविल्याने चालकाचे फौजदारी प्रक्रियेतील हक्क नष्ट होतात काय, हा प्रश्न ऑझ्ट्युर्क वि. जर्मनी (१९८४) या खटल्यात यूरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आला. पश्चिम जर्मनीत राहणाऱ्या या तुर्की नागरिकाची मोटार १९७८ मध्ये एका उभ्या मोटारीवर आदळली व त्यास ६० मार्क दंड झाला. त्याने न्यायालयात आक्षेप घेतला व सुनावणीत दुभाष्याची मदत घेतली. नंतर आक्षेप मागे घेतल्यावर त्याच्यावर दुभाष्याचा खर्च बसविण्यात आला. तो ६३.९० मार्क, म्हणजे दंडाहूनही अधिक होता. न्यायालयाने असे ठरविले, की अपराधाचे नाव बदलल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही. दंडाचा हेतू शिक्षा व जरब हाच असल्याने फौजदारी आरोपीस मिळणारे संरक्षण, त्यात दुभाष्याची विनामूल्य मदतही आली, या चालकास मिळाले पाहिजे. रक्कम क्षुल्लक असली, तरी न्याय क्षुल्लक ठरत नाही, हे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित झाले.

फ्रान्स : फ्रान्समध्ये गुणांची गणना उलट रीतीने होते. चालकास आरंभी ठराविक गुण दिले जातात व प्रत्येक अपराधागणिक ते वजा होतात. ही पद्धत १ जुलै १९९२ रोजी सहा गुणांनिशी सुरू झाली. तेव्हा मालमोटारींच्या चालकांनी देशभर महामार्ग रोखून धरले. रस्त्यावरच ज्यांचा दिवस जातो, त्यांच्या हातून लहान चुका अधिक घडणार व त्यांचीच रोजी प्रथम जाणार, हा त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षाच्या अखेरीस गुणांची संख्या बारा करण्यात आली. दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गास हजर राहून चार गुणांपर्यंत परत मिळविता येतात. एका गुणाच्या अपराधानंतर सहा महिने दुसरा अपराध न घडल्यास तो गुण परत मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून वेगमर्यादा ताशी ५ किमी.पेक्षा कमी फरकाने ओलांडल्यास दंड होतो, पण गुण जात नाही. गुण वजा करणे ही केवळ प्रशासकीय कारवाई नसून शिक्षाच आहे, असे यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मालिज वि. फ्रान्स (१९९८) या खटल्यात मानले.

अमेरिका : अमेरिकेत वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार घटक राज्यांकडे असल्याने नोंदींची एकसूत्रता हा तेथील मुख्य प्रश्न ठरला. एका राज्यात अनुज्ञप्ती गमावलेला चालक शेजारच्या राज्यात नवी मिळवीत असे. त्यावर उपाय म्हणून १९६० मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय चालक नोंदवही निर्माण केली. राज्याराज्यांमधील चालक-अनुज्ञप्ती कराराने परराज्यातील अपराधाची नोंद स्वराज्यात घेण्याची व्यवस्था केली. विमाकंपन्या हप्ता ठरविताना ही नोंद पाहतात. त्यामुळे दंडापेक्षा हप्त्यातील वाढच चालकास अधिक महाग पडते. यास्तव दंड न भरता न्यायालयात आरोप नाकारणे, लेखी जबाब देणे किंवा सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग पुरा करून नोंद टाळणे, हे मार्ग तेथे रूढ झाले. कॅलिफोर्नियात अशा वर्गानंतर पूर्वी आरोपच रद्द होत असे. जुलै २०११ पासून दोषसिद्धी कायम राहते, पण ती विमाकंपनीपासून गोपनीय ठेवली जाते. न्यूयॉर्क शहरात १९७० पासून बहुतेक वाहतूक उल्लंघनांची सुनावणी फौजदारी न्यायालयाकडून काढून प्रशासकीय मंडळाकडे सोपविण्यात आली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे या क्षेत्रातील काही निर्णय मूलभूत स्वरूपाचे आहेत. टेट वि. शॉर्ट (१९७१) या खटल्यातील वादी टेक्सस राज्यातील निर्धन माणूस होता. वाहतूक अपराधांचे त्याचे दंड ४२५ डॉलरवर गेले होते. ते भरता न आल्याने रोज पाच डॉलर या हिशेबाने त्यास ८५ दिवस कैदेत घालण्यात आले. ज्या अपराधास कायद्याने केवळ द्रव्यदंड सांगितला आहे, त्यासाठी केवळ गरिबीमुळे कैद देणे समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध होय, असा निर्णय झाला. बेल वि. बर्सन (१९७१) या खटल्यात अनुज्ञप्ती ही उपजीविकेसाठी आवश्यक असू शकते, म्हणून योग्य प्रक्रियेशिवाय ती काढून घेता येणार नाही, असे ठरले. तो वादी मोटारीने खेड्यांतील मंडळ्यांची सेवा करणारा धर्मोपदेशक होता. डिक्सन वि. लव्ह (१९७७) या मालमोटारचालकाच्या खटल्यात मात्र न्यायालयाने मर्यादा घातली. नोंदवहीतील दोषसिद्धींच्या आधारे गुणपद्धतीने अनुज्ञप्ती रद्द करताना आधी सुनावणी देणे आवश्यक नाही, नंतर ती मिळाली तरी पुरे, असे त्यात ठरले. याचा व्यवहारातील अर्थ असा, की प्रत्येक लहान अपराधाच्या वेळीच बचाव केला पाहिजे. नोंद पक्की झाल्यावर तिचा केवळ हिशेब होतो. दंड हे नगरपालिकांच्या उत्पन्नाचे साधन झाल्याने गरिबांवर दंडांचे ओझे कसे साचत जाते, यावर न्यायखात्याच्या फर्ग्युसन शहराविषयीच्या २०१५ मधील अहवालाने प्रकाश टाकला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये वाहतूक दंड न भरल्याच्या कारणावरून अनुज्ञप्ती निलंबित करणे बंद केले.

भारत : भारतात मोटारवाहनांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या मोटारवाहन अधिनियमाने घेतली. अनुज्ञप्तीवरील शेरा, न्यायालयाने अपात्र ठरविणे आणि किरकोळ खटल्यांचा संक्षिप्त निकाल यांची व्यवस्था त्यात होती. सध्याचा मोटारवाहन अधिनियम १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आहे. महाराष्ट्रात त्याखालील राज्य नियम १९८९ मध्ये करण्यात आले. त्यांनी मुंबई मोटारवाहन नियम, १९५९ यांची जागा घेतली.

१९८८ च्या अधिनियमात चालकाच्या नोंदीस संरक्षण देणाऱ्या तरतुदी विखुरलेल्या आहेत. कलम १८३ नुसार वेगाविषयी एका साक्षीदाराच्या निव्वळ मतावरून दोषसिद्धी होत नाही. ते मत यांत्रिक किंवा (२०१९ पासून) इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजमापावर आधारलेले असावे लागते. १९०३ च्या ब्रिटिश तरतुदीचे हे थेट अपत्य होय. कलम २०९ नुसार अतिवेग व धोकादायक वाहनचालन यांच्या खटल्यांत अपराधाच्या वेळी सूचना दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांत नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठविलेली अथवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असावे. चालकाचे नाव-पत्ता वाजवी प्रयत्नांनीही मुदतीत न समजल्यास यास अपवाद आहे. कलम २०८ खालील संक्षिप्त निकालात आरोपीस न्यायालयात न जाता लेखी अपराध कबूल करून समन्सात नमूद केलेली रक्कम पाठविता येते. असे केल्यास त्या कबुलीमुळे तो अनुज्ञप्ती धारण करण्यास अपात्र ठरत नाही. मात्र नियमांत विनिर्दिष्ट केलेल्या अपराधांत कबुलीबरोबर अनुज्ञप्ती पाठवावी लागते व तिच्यावर शेरा येतो.

शेऱ्याचे आयुष्य कलम २५ ने मर्यादित केले आहे. शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा न आल्यास धारकास शुल्क भरून शेरेविरहित नवी अनुज्ञप्ती मिळण्याचा हक्क आहे. शेरा केवळ वेगमर्यादेच्या उल्लंघनाबद्दलचा असेल, तर ही मुदत एक वर्षाची आहे. अपात्रतेचा काळ यात धरला जात नाही. ही सवलत आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते. अनुज्ञप्ती पुस्तिकेच्या स्वरूपात असताना शेरा धारकाच्या डोळ्यांसमोर असे. नोंद संगणकीय झाल्यापासून ती दृष्टीआड झाली आहे.

कलम २०० नुसार राज्य शासन अधिसूचनेद्वारे काही अपराध तडजोडीस पात्र ठरविते व त्यांची रक्कम निश्चित करते. तडजोड शुल्क भरल्यावर त्या अपराधाबद्दल पुढील कार्यवाही होत नाही व दोषसिद्धीही होत नाही. पोलिसाने दिलेले चलन जागेवर भरले जाते, ते बहुधा याच कलमाखाली होय. २०१९ च्या सुधारणेने या मुक्ततेस मर्यादा घातली. शुल्क भरले, तरी कलम २०६ (४) खालील कारवाई, चालक उजळणी प्रशिक्षण आणि समाजसेवा यांतून सुटका होत नाही. या उपकलमाखाली अतिवेग, धोकादायक वाहनचालन, शिरस्त्राण न वापरणे इ. अपराधांबद्दल पोलीस अधिकारी अनुज्ञप्ती ताब्यात घेऊन ती निलंबित किंवा रद्द करण्यासाठी अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. लाल दिवा ओलांडणे व हाती भ्रमणध्वनी धरून वाहन चालविणे यांचा समावेश त्याच सुधारणेने धोकादायक वाहनचालनात केला. त्यामुळे लोकसमजुतीने किरकोळ असलेले हे अपराध कायद्याच्या दृष्टीने तसे उरलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनेही ऑगस्ट २०१५ मध्ये अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, भ्रमणध्वनीचा वापर इत्यादींसाठी किमान तीन महिने अनुज्ञप्ती निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. कलम १७७ खालील सर्वसाधारण दंड पहिल्या अपराधास १०० रु. होता. तो याच सुधारणेने ५०० रु. आणि पुढील अपराधास १,५०० रु. झाला. महाराष्ट्रात तडजोड शुल्काचे नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्यास कलम १९ खाली निलंबनाचा किंवा रद्द करण्याचा आदेश देण्यापूर्वी धारकास म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. या सुनावणीस बहुतेक धारक गैरहजर राहतात किंवा केवळ क्षमायाचना करतात, तेव्हा ही संधी वाया जाते. पूर्वीची स्वच्छ नोंद, अपराधाची परिस्थिती व व्यवसायाचे स्वरूप यांचा कागदोपत्री पुरावा येथेच मांडणे उचित ठरते.

ई-चलन : मुंबईत २०१६ पासून रस्त्यावरील कॅमेऱ्यांच्या आधारे ई-चलन देण्यास प्रारंभ झाला व पुढे ही पद्धत राज्यभर पसरली. तिच्यामुळे पोलीस व चालक यांची समोरासमोर गाठ पडत नाही. चिरीमिरीस वाव कमी झाला, हा तिचा लाभ होय. परंतु कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो, चालकाचा चेहरा नव्हे. त्यामुळे चलन नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. विकलेल्या पण हस्तांतरणाची नोंद न झालेल्या वाहनाची चलने जुन्या मालकाकडे जातात. क्रमांकाची बनावट पाटी लावलेल्या वाहनाचा अपराध भलत्याच्याच माथी येतो. भ्रमणध्वनीचा क्रमांक बदलला असल्यास मालकास चलनाचा पत्ताच लागत नाही. २०२१ मध्ये केलेल्या केंद्रीय नियमांनी इलेक्ट्रॉनिक साधनाने टिपलेल्या अपराधाची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी व तीत छायाचित्र, मोजमाप, दिनांक, वेळ व स्थळ द्यावे, असे ठरविले. १८९६ मध्ये सायकलीवरून पाठलाग करणाऱ्या पोलिसाची साक्ष उलटतपासणीस उपलब्ध होती. यंत्राच्या साक्षीत तिची जागा या तपशिलास घ्यावी लागते.

चलन मिळाल्यावर करावयाच्या गोष्टींचा क्रम यावरून निश्चित करता येतो. प्रथम वाहनाचा क्रमांक, वाहनाचा प्रकार, स्थळ व वेळ छायाचित्राशी पडताळून पाहावी. चूक असल्यास शुल्क न भरता लेखी तक्रार करावी, कारण शुल्क भरणे म्हणजे व्यवहारतः आरोप मान्य करणे होय. वाहन दुसरा चालवीत असल्यास मालकाने कलम १३३ नुसार त्याची माहिती द्यावी. त्यानंतर लावलेले कलम तडजोडीस पात्र आहे काय व त्यामुळे अनुज्ञप्तीवर कारवाई संभवते काय, हे पाहावे. तडजोडीस पात्र व नोंदीस निरुपद्रवी अशा अपराधात शुल्क भरून पावती जपून ठेवणे श्रेयस्कर ठरते. अनुज्ञप्ती धोक्यात येत असेल, तर न्यायालयात बचाव करणे योग्य होय. चलनाकडे दुर्लक्ष करणे हा मात्र कोणत्याही परिस्थितीत उपाय नव्हे. केवळ दंडास पात्र असलेल्या अपराधाची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयास सामान्यतः घेता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम ५१४), हे खरे. तथापि मुदतीत दाखल झालेल्या खटल्यास ही तरतूद लागू पडत नाही आणि थकलेली चलने वाहनाच्या नोंदीवर तशीच दिसत राहतात.

थकलेल्या चलनांचा निपटारा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालील लोकन्यायालयांतही होतो. तेथील निवाडा अंतिम असून त्यावर अपील नसते. तडजोडीस पात्र नसलेले अपराध मात्र लोकन्यायालयापुढे येऊ शकत नाहीत.

मूल्यमापन : किरकोळ अपराधांच्या नियमनात दोन हेतूंचा ताण प्रारंभापासून दिसतो. खटले झटपट निकाली निघावेत, हा एक. कोणाच्याही नावावर चुकीची वा गैरवाजवी नोंद राहू नये, हा दुसरा. निश्चित दंड, तडजोड व ई-चलन यांनी पहिला हेतू साधला. परंतु ज्या वेगाने दंड होतो त्या वेगाने चूक दुरुस्त होत नाही. जो दिवसाचे बारा तास रस्त्यावर असतो, त्याला आणि जो सुटीच्या दिवशी मोटार बाहेर काढतो त्याला एकच बेरीज लावली जाते, हा १९९२ मधील फ्रेंच मालमोटारचालकांचा आक्षेपही पूर्णपणे निरुत्तर झालेला नाही. दुसऱ्या बाजूने, गंभीर अपघातापूर्वी अनेकदा लहान उल्लंघनांची मालिका घडलेली असते व तिच्या नोंदीवाचून सराईत बेफिकीर चालक ओळखता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून नोंद असावी, पण ती पुराव्यावर आधारलेली, चालकास दिसणारी, दाद मागण्यास खुली आणि मुदतीनंतर पुसली जाणारी असावी, असा निष्कर्ष विविध देशांच्या अनुभवावरून निघतो. भारतीय अधिनियमात यांपैकी बहुतेक गोष्टी कलमांच्या रूपाने आहेत. त्या चालकांना माहीत असणे ही त्यांच्या उपयुक्ततेची पहिली अट होय.